पेरॉक्साइडमधला उणे एक

ठमे,

दूध तापवून झाकून ठेवलंय. मी वाचनालयात जातोय, आज शिकवणी नको.

काल तू मैत्रिणीला फोनवर सांगत होतीस, "अगं, केमिस्ट्रीतले ऑक्सिडेशन नंबर क्लासमध्ये कधीच झालेत! आजोबांसमोर मुद्दाम चुकते, तेवढंच त्यांना बरं वाटतं." दार उघडं होतं गं.

म्हणजे पेरॉक्साइडमधल्या ऑक्सिजनलाही तू दरवेळी इतर संयुगांसारखं उणे दोन लिहायचीस, ते नाटक होतं. आणि तिथे उणे एकच का, हे तुला सोपं करून सांगता यावं म्हणून मी दुपारभर पुस्तकं उघडून बसायचो. मीच कंटाळवाणं शिकवत असेन कदाचित. पण मग तोंडावर सांगायचंस.

कुणाशीच न जोडलेल्या मूलद्रव्याचा नंबर शून्य, हे उत्तर मात्र तू कधीच चुकवलं नाहीस.

— आजोबा