कल्पिताच्या शिबिरातली पेशंट

चि. महिपत यास,

थोरल्या बहिणीचे, आवडाचे, भरभरून आशीर्वाद. भावनालाही सांग. तुझे गुडघे काय म्हणतात? काठी वापरतोस की ती अजून दारामागेच उभी आहे? इकडे कळव्यात आम्ही सगळे खुशाल. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण देवेशचं नाव निघालं की तू "बरं, ठेवतो" म्हणतोस. पत्राचं तसं नाही (तू ठेवलंस तर भावना वाचेल, आणि जेवताना तुला ऐकावंच लागेल). आमच्या दिपेशच्या हळदीत तू तुझ्या कमावत्या मुलाला सगळ्यांसमोर "मान सरळ ठेव, पाहुणे बघतायत" म्हणालास आणि स्टेजवरून खाली पाठवलंस, तेव्हापासून तो तुझ्या घरी आलेला नाही. त्याबद्दल आज मला काही बोलायचं नाही. आज मला माझं कौतुक सांगायचं आहे.

आपली कल्पिता (माझी लेक आहे म्हणून सांगत नाही, पण माझीच लेक आहे) मानसतज्ज्ञ झाली तेव्हा तू विचारलं होतंस, हिला नोकरी कोण देणार? आता ती दुसऱ्या थेरपिस्टांना शिकवते. विषय टिक. म्हणजे मान झटकते, डोळे मिचमिचतात, घशातून आवाज निघतो, आणि माणूस ते मुद्दाम करत नसतो. आधी आतून सणक येते, मग मान जाते. ती सणक ओळखायची, आणि आली की मान जाणार नाही असं काहीतरी हळूच करून ती ओसरेपर्यंत थांबायचं, हे पेशंटला शिकवतात. ते कसं शिकवायचं, हे थेरपिस्टांना कल्पिता शिकवते. (मलाही कळायला वेळ लागला, तूही दोनदा वाच.) शिबिर आमच्याच हॉलमध्ये ठेवलं. ठाणे, डोंबिवली, उल्हासनगर, सगळीकडची शिकली-सवरली मंडळी आमच्या दारात चपला काढत होती. मी मुद्दाम दारातच उभी राहिले, शेजाऱ्यांना दिसावं म्हणून.

सरावाला खोटा पेशंट लागतो. त्यासाठी नाटकातला एक नट ठरवला होता. तो घोडबंदर रोडला अडकला, आणि आम्ही पानं मांडली तरी तिथेच होता. कल्पिता रडवेली झाली. मी वाढप सोडलं, पदर खोचला आणि जाऊन खुर्चीत बसले. टिक कुठली करायची? मी जवळून एकच पाहिलेली, देवेशची. मान डावीकडे, फटकन. काय सांगू तुला, हॉलभर टाळ्या!

माझ्यावर उपचार करायला डोंबिवलीचा स्वानंद नावाचा दाढीवाला थेरपिस्ट बसला. इतका सभ्य, की "काकू, तुम्हाला सोयीचं असेल तर हनुवटी किंचित खाली, म्हणजे आग्रह नाही" एवढं बोलेपर्यंत माझी मान कितीदा जाऊन आली. कल्पिताने त्याला झापलं. मग त्याने नीट सांगितलं, मला जमलं, आणि पेशंटला शाबासकी द्यायची असते म्हणून त्याने दिली. या वयात कुणी शाबासकी दिली की मला राहवत नाही. मी उठून त्याला कोलंबी वाढली. (तो शाकाहारी निघाला. बिचारा ताटाला नमस्कार करून बसला.) कल्पिता म्हणाली, आई, पेशंट वाढत नाही. म्हटलं, आमच्या घरातला वाढतो.

मग ऐश्वर्या नावाच्या मुलीने विचारलं, तुमची टिक कधी वाढते? हे मला कुणी पढवलं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "बाप बघायला लागला की." (आपले बाबा जाऊन किती वर्षं झाली! पण कुणीही हसलं नाही.)

तेवढ्यात मागून देवेश पुढे आला. कल्पितानेच त्याला बोलावलेलं. म्हणाला, "आत्या, तू फेक करतेस यार. मान अशी डायरेक्ट जात नाही गं. आधी इथे मागे ओढल्यासारखं होतं, ते दाबायचं, दाबायचं, मग जाते." मला रागच आला, एवढ्या टाळ्या घेतलेल्या मी! पण कल्पिताने माइक त्याच्या हातात दिला, आणि महिपत, तो बोलला रे. मान जायची, तो थांबायचा, पुन्हा बोलायचा. एकानेही नजर वळवली नाही. ती शिकलेली माणसं प्रश्न विचारत होती आणि आपला देवेश त्यांना समजावून सांगत होता. आपले बाबा मिठागरात राबले. त्यांचा नातू असा उभा राहिलेला बघून माझा ऊर भरून आला. माझी मान मात्र अजून आखडलेली आहे, एका दुपारच्या नाटकाने. तो तर लहानपणापासून हे सोसतोय. मला इतक्या वर्षांत हे सुचलंच नव्हतं, आणि तुलाही नाही.

असो. गुडघ्यांना तेल लाव.

तुझी ताई,
आवडा

ता. क. देवेश डोंबिवलीला मित्राकडे राहतो, हे खोटं तुला सांगायला मीच त्याला लावलं. हळदीपासून तो आमच्याकडे वरच्या खोलीत आहे. शिव्या मला घाल, त्याला नको.

ता. क. दुसरा. रविवारी सकाळी समारोप आहे आणि तो पुन्हा बोलणार आहे. तुला बोलवू का, असं मी त्याला विचारलं. आधी त्याची मान गेली. मग म्हणाला, "बाबा पुढे बसतील की मागे?" पुढे, असं मी तुला न विचारताच सांगून टाकलं आहे.