देवमासा वर आला तेव्हा

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय स्वरदा,

मी पुण्याला माझ्या बहिणीकडे गेले नव्हते. सिडनीला विश्वेशकडे गेले होते. तुमचा घटस्फोट झाला तरी तू मला आईच म्हणतेस, दर रविवारी येतेस, म्हणून तुला खरं सांगायला जीभ रेटली नाही.

तिथे त्याने देवमासे दाखवायला बोटीतून समुद्रात नेलं. सोबत त्याची आताची बायको, निकिता. तिला दिवस गेलेत. बोट हलायला लागल्यापासून तिला सारख्या उलट्या होत होत्या. मी तिची पाठ चोळत बसले.

विश्वेश जवळ येऊन म्हणाला, "आई, स्वरदाचं घरी येणं आता बंद कर. निकिताला त्रास होतो. बाळ झालं की तुला इकडेच आणायचंय."

तेवढ्यात लोक ओरडले. देवमासा बोटीच्या अगदी जवळ वर आला. काळी ओली पाठ दिसली, मग शेपटी, मग नुसतं पाणी. सगळे टाळ्या वाजवत होते. मला आनंद झाला नाही, रागही आला नाही. मी "बरं" म्हणाले. विश्वेशने माझा हात दाबला.

काल तुझा फोन आला. "आई, रविवारी येऊ ना?"

"अजून प्रवासाचा शीण आहे गं," मी म्हटलं.

"मग मी डबाच घेऊन येते. भाजी कोणती आणू?"

नको म्हणायची हीच वेळ होती. मी मेथी सांगितली.

हे पत्र मात्र मी पोस्टात टाकणार नाही.

तुझी,
इंदिरा