विमलाचं अर्धं बोलणं

मानखुर्द, ३ ऑगस्ट २०२५

चि. केतन यास,
सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तू मीटिंगमध्ये, म्हणून पेन धरलं. अंधेरीच्या कन्सल्टिंग कंपनीत लागलास हे तुझ्या आईकडून कळलं. आठ वर्षं संस्थेत इंटरनेट आणि गरिबांचे हक्क सांगून घसा कोरडा केलास, आता कोट घालतोस म्हणे! स्वतःच्या लग्नात घाल म्हटलं तर रुसला होतास.

काळजी वेगळीच आहे. आमच्या रेशन दुकानातलं चेहरा ओळखणारं यंत्र आता सगळीकडे सक्तीचं करायचं म्हणतात, त्यावर २२ तारखेला सरकारी समितीपुढे सुनावणी आहे. वस्तीतल्या बायकांची बाजू तू मांडणार होतास. आमच्या शेजारच्या विमलाचा चेहरा यंत्राला अजून ओळखू येत नाही. आता कोण बोलणार? लवकर कळव आणि आत्याची आठवण ठेव.

तुझी मालनआत्या


नाहूर, ८ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

कोटावरून तुझी भाचेसून अक्षताही हसते, तू एकटी नाहीस. पण संस्थेचा निधी आटला गं. सरकारी समित्यांना पत्रं पाठवून मी थकलो. आमची पाकिटं कुणी फोडत नसे, कंपनीचं एक पान गेलं की लगेच वाचतात. आत राहूनही चांगलं करता येतं, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगतो. ती यंत्रं बनवणारी कंपनी आमची गिऱ्हाईक आहे. पण तुझ्या घरी बसून मी लिहून घेतलेल्या बायकांच्या जबान्या संस्थेतच आहेत, अस्मिताताईच्या कपाटात. एक कागद मी आणलेला नाही, शपथ. सुनावणीला असेन, मागच्या रांगेत. श्रुतिका शाळेत रमली. राग धरू नकोस, माया कमी करू नकोस.

तुझा केतन


मानखुर्द, १७ ऑगस्ट २०२५

केतन,
जयभीम.

काल अस्मिता यंत्रवाल्या कंपनीने सुनावणीसाठी दिलेलं निवेदन घेऊन आली. विहारात बसून तिने आम्हाला ते मराठीत समजावलं. त्यात लिहिलंय, मानखुर्दच्या बायका यंत्राने नाकारलं तरी दुसऱ्या दिवशी तक्रार न करता परत येतात, म्हणजे त्यांना यंत्राचा त्रास नाही. विमला ताडकन उठली. म्हणाली, हे तर माझंच बोलणं. परत जावंच लागतं, नाहीतर पोरं उपाशी राहतात, हे पुढचं तेवढं गाळलंय.

ते ती माझ्या घरात, तुझ्यासमोर रडत बोलली होती. कागद आणला नाहीस हे खरं, डोक्यात भरून नेलंस आणि अर्धं विकलंस. ती तोंड उघडायला तयार नव्हती. मीच म्हणाले होते, माझा भाचा आहे, बिनधास्त बोल. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपण मीच घातलं होतं. कालपासून बायका मला बघून विषय बदलतात. लाज वाटते रे. तुझा राग येतो, त्याहून जास्त स्वतःचा येतो.

२२ तारखेला विमला स्वतः बोलणार आहे, पूर्ण. मी तिच्याशेजारी उभी राहणार. तिला बोलतं कुणी केलं, समोर बसून लिहून कुणी घेतलं, हे नावासकट सांगणार. तू मागच्या रांगेत असशीलच. तिथे, सगळ्यांदेखत, मला आत्या म्हणून हाक मारता आली तर मार. नाही जमलं, तर घरी येऊनही मारू नकोस.

श्रुतिकाला गोड पापा. तिच्यावरचा लोभ आहे तसाच आहे.

मालन