डिझेल किंग आणि काकूचं सुतक

सोम. १३ जाने., सकाळी ९
काम फत्ते. काल यादवशेठना फोन केला, माझी लंकाबाई काकू गेली. मागणार होतो दोनच दिवस. पण परवा पॅकहाऊसवरून सीझनचा पहिला द्राक्षांचा कंटेनर निघतोय. पूजा, नारळ. सुतकातला माणूस आवारात नको, म्हणून शेठच म्हणाले, दहा दिवस घरी बस. म्हणजे मी खोटं बोललो ते दोन दिवसांपुरतंच. बाकीचे शेठचे.

काकू गावाकडे ठणठणीत आहे. तिलाच निवडली, कारण तिला काही होत नाही. शिवाय शाळेची चार वर्षं मी तिच्याच हातचं जेवलोय. एवढा हक्क असतो. हर्षाली म्हणाली, लाज नाही वाटत? बायकोला मोठ्या गोष्टी कळत नाहीत.

मोठी गोष्ट अशी. डिझेल किंग हा जगातला सर्वात सभ्य गेम. ट्रक चालवायचा, रीफरचं, म्हणजे थंड कंटेनरचं, टेंपरेचर सांभाळायचं, वेळेत माल पोचवायचा. पाचही भाग पूर्ण केलेत, एकही अपघात नाही. आणि आता त्याच कंपनीने काढलाय 'डिझेल किंग : डेड लोड'. ट्रकवर झॉम्बी चढतात! शिसारी आली. दोन दिवसांत संपवणार आणि कंपनीला खरमरीत मेल लिहिणार. न खेळता शिव्या देणं तत्त्वात बसत नाही.

सायं. ६
घाण. नुसती घाण. काचेवर कोणाचं तरी आतडं. वायपर मारला तर पसरलं. चिवडा तसाच ठेवला. पहिल्या पुलावर अडकलोय. गेमची चूक.

मंगळ. १४
संक्रांत. हर्षालीने शेजाऱ्यांकडून तिळगूळ घेतला, वाटलाही. सुतक तुमचं तुम्ही पाळा म्हणाली. नेमका अकराला दत्तू आला, पॅकहाऊसमधला माझा असिस्टंट, पिठलं-भाकरी घेऊन. तिळगुळाच्या डब्यावर मी बसलो, टीव्हीवर टॉवेल टाकला. टॉवेलमागून गुरगुरणं चालू. इन्व्हर्टर बिघडलाय म्हटलं. दत्तूने काकूंचा फोटो मागितला. आमच्या लग्नातला कापून दिला. गेला एकदाचा. पिठलं चांगलं होतं.

बुध. १५
कंटेनर निघाला. दत्तूने फोटो पाठवले. पॅकहाऊसच्या गेटवर हायवेला लागून भला मोठा फ्लेक्स : भावपूर्ण श्रद्धांजली, कै. लंकाबाई. काकू हसतेय. लोकांना काय एवढा उत्साह असतो! सीझननंतर क्वालिटी इनचार्ज करायचं ठरतंय, माझं नाव पक्कं आहे, म्हणूनच हा मान.

गेम : पहिला पूल. खोट सापडली. झॉम्बी समोर आला की माझं बोट आपोआप ब्रेकवर जातं. सवय. मेलेला असला तरी पादचारीच ना. मग तो दार उघडून मला खातो. माणुसकीची किंमत नाही राहिली.

शुक्र. १७
निश्चय : उद्यापासून ब्रेक नाही.

शनि. १८
ब्रेक मारला. एका म्हातारीसाठी. तिचा जबडा निखळलेला, त्यात अळ्या. तरी मारला. झॉम्बींच्या लोंबत्या डोळ्यांमुळे आठवडाभर द्राक्षं बघवत नाहीत. सगळ्यात संताप याचा की मेलेलं माणूस परत येतंच कसं? काही लॉजिक? ज्याने लिहिलं त्याला घरदार, नातीगोती काही नसणार.

सोम. २०
शेठचा फोन. दहाव्याला रामकुंडावर येतो म्हणाले. कसंबसं टाळलं, विधी गावीच करतोय म्हटलं. मग म्हणाले, बुधवारी ये, सगळं उरकून. म्हणजे मुंडण करून. हे लक्षातच नव्हतं.

मंगळ. २१, दु. १२
इंदिरानगरच्या सलूनमध्ये गुळगुळीत केलं. कोण गेलं विचारलं त्याने. काकू म्हटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. एवढ्या तयारीचा माणूस मी!
मेलचा विषय लिहून झालाय : 'निषेध'.

बुध. २२, दुपारी
पॅकहाऊसच्या गेटवर उतरलो. फ्लेक्सखाली क्रेट उलटा घालून काकू बसलेली. हातात चहा. शेजारी शेठ, त्यांच्याही हातात चहा. सकाळी टोमॅटोच्या टेम्पोतून मार्केटला येताना तिने स्वतःला बघितलं होतं.

मला हाक मारून जवळ बसवलं. विचारलं, "मला कशानं मारलं रं किशोर?"
झोपेत, असं सांगितलं.
म्हणाली, "बरं केलं. लय हाल नाय केले."
मग डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "तुझ्या बापाच्या दहाव्याला केस द्याया तयार नव्हता तू. माझ्यासाठी दिले."
फार लाज वाटली. दत्तू खाली बघत होता. इनचार्ज आता तोच, हे शेठनी चहा संपवून शांतपणे सांगितलं.

फ्लेक्स काकूने मागून घेतला. फोटो चांगला आलाय म्हणाली. मीच सोडवून, गुंडाळून टेम्पोत ठेवला. पुढे ड्रायव्हरशेजारी बसून तिने विचारलं, "खरीच जाईन तवा सुट्टी भेटंल का रं तुला?"
मी शेठकडे बघितलं. शेठ रिकाम्या कपात बघत होते.