देवीच्या मुखवट्यावरील कुंकू मीच पुसून देण्याबाबत

प्रति,
मा. अभिरक्षक,
भिलकोट राजवाडा वस्तुसंग्रहालय,
भिलकोट, जि. नाशिक.

अर्जदार : सौ. संपदा मयुरेश गायधनी, इंदिरानगर, नाशिक.

विषय : देवघर दालनातील चांदीच्या मुखवट्यावरचे कुंकू अर्जदाराच्या हस्ते पुसून घेऊन पहारेकरी श्री. केरू पवार यांना कामावर परत घेणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे मला आलेले खुलासापत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की,

१. गेल्या महिन्यात मी माझ्या सासूबाई श्रीमती अनसूया गायधनी यांच्यासह आपला नव्याने दुरुस्त केलेला राजवाडा पाहण्यास आले होते. शिरपेच, पाचूचा कंठा, चांदीची अंबारी हे सर्व पाहून मी थक्क झाले. सासूबाई मात्र, "एवढे दागिने, आणि घालायला कोणी नाही," एवढेच म्हणाल्या. देवघर दालनात त्या थांबल्या. तेथील फलकावर, देवीच्या मुखवट्यावरील कुंकवाचे जुने थर काढून मूळ चांदी उजेडात आणल्याचे आपण अभिमानाने नमूद केले आहे. सासूबाईंनी तो वाचला आणि मला विचारले, "हिचं कपाळ कोणी पुसलं गं?"

२. येथे खुलासा आवश्यक आहे. आमचे घर गोदाकाठी यात्रेकरूंची धार्मिक कार्ये करणारे. सासरे गेल्यापासून सासूबाईंनी कोणत्याही देवीला कुंकू लावलेले नाही, कारण आमच्यात विधवेने ते लावायचे नसते. तरीही कुंकवाचा करंडा त्यांच्या पिशवीत असतो. तो त्यांनी बाहेर काढला तेव्हा मी त्यांना अडवायला हवे होते. मी अडवले नाही. उलट पहारेकरी श्री. केरू यांना शेजारच्या दालनात नेले आणि ही अंबारी हत्तीवर बांधायचे तरी कसे, असे विचारून गुंतवून ठेवले. गृहस्थ इतक्या हौसेने सांगत होते की मला तेव्हाच स्वतःची लाज वाटली.

३. आम्ही परत येऊन पाहतो तो दोरीच्या आत सासूबाई आणि देवीच्या कपाळावर रुपयाएवढे कुंकू. श्री. केरू घाबरून म्हणाले, "माय, हात नका लावू, माले नोकरी करनी शे." पण तोवर उशीर झाला होता. मग त्यांनी देवीकडे पाहिले आणि हात जोडले. कुंकू तत्काळ पुसले नाही, हा त्यांच्यावरील ठपका खरा आहे. परंतु देवीचे कुंकू पुसणारा माणूस आपल्या जिल्ह्यात कुठे मिळेल, हे आपणही शोधून पाहिले आहेच.

४. त्यानंतर जे घडले ते माझ्या कल्पनेबाहेरचे आहे. कुंकू दिसताच लोकांनी पूजा सुरू झाली असे धरले. नामपूरहून बायका टेम्पो करून आल्या. आपण 'येथे नारळ फोडू नये' असा फलक लावलात, त्यामुळे तर हे देऊळच आहे अशी उरलेल्यांचीही खात्री पटली. अंबारीत कोणी नवसाचा पाळणा ठेवून गेले. पुसण्याचा हुकूम ज्याला द्यावा तो रजेवर जातो. आपण स्वतःही दालनाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलात असे ऐकते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुखवटा पूर्ववत होईपर्यंत निलंबित आहेत ते श्री. केरू, आणि या सगळ्यात कुणाला फसवले असेल तर मी त्यांनाच.

५. ज्याने कुंकू लावले त्याने स्वतः येऊन पुसावे, म्हणजे पहारेकऱ्यास कामावर घेता येईल, असे आपण पत्रात कळवले आहे. ते पत्र मी घरी मोठ्याने वाचले, ही माझी आणखी एक चूक. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ की. त्या बिचाऱ्याच्या पोटावर पाय कशाला? मी लावलं, मी पुसते. पुसायची सवय आहे मला."

महोदय, त्यानंतर मला जेवण गेले नाही. सासरे गेले तेव्हा सासूबाईंचे कपाळ पुसणाऱ्या बायकांत मी नव्हते, एवढेच समाधान मी आजवर बाळगून होते. पण दर हळदीकुंकवाला "आई, तुम्ही आत पन्ह्याचं बघा" असे सांगणारी मीच आहे. ते मी इतक्या गोड आवाजात सांगत आले की मला ते कधी वाईट वाटलेच नाही.

६. सबब विनंती की, आपल्या पत्रातील 'ज्याने लावले त्याने' ही अट शिथिल करून कुंकू माझ्या हातून पुसून घ्यावे. पाप लागायचे असेल तर ते योग्य ठिकाणी लागेल. दंड किंवा प्रवेशबंदी करायची असल्यास मलाच करावी. श्री. केरू यांना त्याच दालनात पूर्ववत रुजू करून घ्यावे.

७. सोमवारी संग्रहालय बंद असते, म्हणून येत्या सोमवारी मी सकाळी एकटीच येईन. सासूबाईंना आणणार नाही, त्यांना सवड नाही. त्या दिवशी आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू आहे, आणि गौरीला पहिले कुंकू त्या लावणार आहेत. नणंदबाईंनी येणार नाही म्हणून कळवले आहे. मी त्यांना, बरं, म्हटले.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
सौ. संपदा मयुरेश गायधनी

ठिकाण : नाशिक
दिनांक : १५ एप्रिल २०२५

सोबत : दोन प्रवेशतिकिटांची छायाप्रत.