यंदा किर्र आले नाहीत

दादा, वाडीत बावखलाकाठच्या आंब्याखाली बसून लिहितेय. तळ्यातलं पाणी पार खाली गेलंय, पण केळी हिरव्यागार आहेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी भर दुपारी इथं टेकलं की तुमच्या या लेकीची पाठ आपोआप ताठ होते, कारण कामाच्या वेळी कुणी बसलेलं तुम्हाला खपायचं नाही. म्हणजे तुम्ही स्वतः बसलेले असायचात, ते वेगळं. बाकीच्यांनी बसायचं नाही.

आपल्याकडे उन्हाळा कॅलेंडरावर कधी सुरू झालाच नाही. फाल्गुन सरता सरता एखाद्या दुपारी या आंब्यावर पहिला किडा ओरडायचा आणि तुम्ही ओटीवरून आईला सांगायचात, किर्र आले. रातकिडे रात्रीचे, हे दिवसाचे. अंगानं झाडाच्या सालीसारखे आणि पंख काचेचे. पुस्तकात यांना सिकाडा म्हणतात, असं मी एकदा मोठ्या ऐटीत सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, त्यांना विचारलंस का? त्या दिवसापासून पाण्याची वेळ तेच ठरवायचे. त्यांचा कल्ला चालू आहे तोवर केळीला पाणी सोडायचं नाही, तापल्या मातीत मुळं उकडतात. उन्हं उतरून आवाज खाली आला की पाण्याचं इंजिन चालू. मनगटावरचं घड्याळ तुम्ही फक्त लग्नाला जाताना बांधायचात. आणखी एक गोष्ट तुमच्या मनात पक्की होती. झाडात रस असेल तरच किर्र बसतो, आणि जमिनीत गोडं पाणी असेल तरच झाडात रस.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, तो नव्वदीच्या अखेरीचा उन्हाळा. आसपासच्या विहिरींवर टँकर लागायला लागले होते, नव्या इमारतींना पाणी न्यायला. कुणाची विहीर मचूळ झाली, कुणाची आटली, रोज काहीतरी कानावर यायचं. त्यातच एक गृहस्थ स्कूटरवरून आपल्याकडे फेऱ्या मारू लागला. वाडी द्या, बिल्डिंग उठेल, तुम्हालाही फ्लॅट मिळेल. तुम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावायचात. पण चैत्र अर्धा झाला आणि जेवताना तुम्ही हात थांबवून म्हणालात, "किर्र नाय आले यंदा. झाडांत रस नाय राहिला. त्या स्कूटरवाल्याला मी रविवारी शब्द देतो."

मी आईकडे बघितलं. खिडकीतून त्यांचा इतका गोंगाट येत होता की भात वाढू का, हे तिला मला दोनदा विचारावं लागलं होतं.

आईला माहीत होतं. चुलीपाशी मला ओढून तिनं सांगितलं की तुमचे कान गेल्या पावसाळ्यापासूनच जात चाललेत, सगळं आयुष्य त्या इंजिनाच्या शेजारी काढल्यावर दुसरं काय होणार. आपण सगळे घरात ओरडूनच बोलायचो, टीव्हीही गावाला ऐकू जाईल असा लागायचा, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तुम्हाला सांगायला मात्र ती तयार नव्हती. खचतील, म्हणाली. मला तिचं पटत होतं आणि वाडीही डोळ्यांपुढून हलत नव्हती. दोन्हीकडून माझा जीव टांगलेला.

शनिवारी दुपारी तुम्ही या आंब्याखाली उभे होतात, खोडावर हात ठेवून, आजारी माणसाला भेटायला आल्यासारखे. वरून मानेवर शिंतोडा पडला तसं तुम्ही वर बघून कावळ्याला शिवी हासडलीत. वर कावळा नव्हताच. रस पिऊन किर्रच ते थेंब उडवत होते, आणि हे लहानपणी मला तुम्हीच दाखवलं होतं. मला राहवेना. खोडावर हाताशी एक बसला होता, तो चिमटीत धरला, तुमची मूठ उघडली आणि त्याला आत ठेवून वरून बोटं मिटवली. तो जीव खाऊन ओरडत होता.

तुम्ही मुठीकडे बघत राहिलात. मग मूठ कानाला लावलीत, मग दुसऱ्या कानाला. तळहातात त्याचं पोट थरथरत असणार.

"हा ओरडतोय?"

मी मान हलवली. तुम्ही वर, फांद्यांकडे बघितलंत. "सगळे?"

"सगळे, दादा. पंधरा दिवस झाले."

तुम्ही मूठ उघडून त्याला उडू दिलंत. "म्हंजे वाडीला काय नाय झालं," तुम्ही म्हणालात. "मलाच झालंय." आणि हसलात. मला रडू आवरत नव्हतं आणि तुमच्या तोंडावर एखाद्याचं लेकरू तापातून उठावं तसा आनंद. झाडं वाचली म्हणून तुम्ही कानांवर पाणी सोडायला एका पायावर तयार होतात.

रविवारी स्कूटरवाला आला. त्यानं बोलायला तोंड उघडलं की तुम्ही कानाला हात लावून सांगायचात, मला ऐकू नाय येत. चहाही पाजलात. तो पुन्हा फिरकला नाही. त्यानंतर आवाज उतरला की मी ओटीवरून हात वर करायचे आणि तुम्ही इंजिन चालू करायचात. माझं लग्न झाल्यावर ते काम आईकडे गेलं. तिच्या हाताला तुम्ही नावं ठेवायचात, उशिरा वर करते म्हणून.

मी आता जूचंद्रला फ्लॅटमध्ये राहते आणि सुट्टीच्या दिवशी वाडीवर येते. तुमच्या मागे वाडी मीच बघते. आज लेक बरोबर आहे. घरून निघताना मी तिला म्हटलं होतं, यंदा किर्र उशीर करतायत. मघाशी ती दोन्ही कानांवर हात ठेवून इथं आली आणि म्हणाली, आई, किती ओरडतायत गं. मी वर बघितलं. झाड अगदी गप्प होतं. तेवढ्यात माझ्या मनगटावर एक थेंब पडला.

मी तिला म्हटलं, हो ना, किती ते.

हा कागद घडी करून पर्समध्येच राहणार, तुमचा पत्ता आता कुणाकडे मागू? लेक पाटाच्या कडेनं हिंडतेय. तिला हाक मारायची, खरं सांगून हात पुढे करायचा, एवढंच तर आहे. तुम्ही मूठ लगेच उघडली होतीत, दादा. माझी अजून उघडत नाही.