शिवणपेटीतल्या सळ्या

१४ जानेवारी
गॅरेजमध्ये बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. पाहते तर दाराचं वजन पेलणाऱ्या दोन स्प्रिंगांपैकी एक मधोमध तुटलेली. बाहेर उणे तीस. गाडी आत, आणि दार आम्हा दोघांनाही तसूभर उचलेना.

कारागीर फोनवर म्हणाला, "या थंडीत निम्म्या डुलुथ शहरातली दारं अडकलीत, बाई. मंगळवारी येतो. तोवर हात लावू नका. दुसरी स्प्रिंग अजून पिळलेली आहे, सुटली तर हाड मोडेल."

नवऱ्याला, आर्विडला सांगितलं तर म्हणाला, "तीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात होतो मी. मागच्या वेळी स्प्रिंग कोणी बसवली? तुझ्या शाळेच्या शिपायाने?"

तेव्हा त्याचे हात कापत नव्हते. आता सूपचा चमचा तोंडापर्यंत अर्धाच पोहोचतो.

१५ जानेवारी
शेजाऱ्याकडून नवी स्प्रिंग आणवली त्याने! डॉक्टर, मुलगी, कारागीर — सगळ्यांची नावं घेऊन झाली. ऐकत नाही.

स्प्रिंग पिळायच्या दोन सळ्या त्याने स्वतः घडवलेल्या, स्प्रिंगच्या टोकावरच्या भोकात घट्ट बसणाऱ्या. दुपारी तो झोपल्यावर शिवणपेटीत कापडांखाली ठेवल्या. सळ्या नाहीत तर काम नाही.

१६ जानेवारी
दिवसभर शोधतोय. "हेडबाई, जप्त केल्यात का?"

"मला काय करायच्यात तुझ्या सळ्या?"

खोटं बोलणाऱ्या मुलांना मी अख्खा तास उभं करत असे.

१७ जानेवारी
चर्चमधून आले तर आर्विड शिडीखाली. सळ्यांऐवजी स्क्रू-ड्रायव्हर घातले होते. बारीक पडले, भोकातून निसटून तोंडावर आदळले. जबडा मोडला. रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्याचं डोकं धरून बसले. दुसरं काहीच करता येईना.

१९ जानेवारी
कारागिराने तासाभरात दोन्ही स्प्रिंगा बसवल्या. जमिनीवरचा वाकलेला स्क्रू-ड्रायव्हर उचलून बघत राहिला.

"सळ्या असत्या तरी मी नकोच म्हटलं असतं, बाई. पण हे घेऊन..."

दार आता एका बोटाने उघडतं.

२१ जानेवारी
जबडा तारांनी बांधलाय, म्हणून आर्विड पाटीवर लिहितो. आज बराच वेळ लिहीत होता.

"सळ्या मीच कुठेतरी ठेवल्या. आठवत नाही. हात गेले, आता डोकंही. यापुढे तू म्हणशील तसं."

वाचलं. पाटी पुसून त्याला परत दिली.